समुद्र ओलांडल्यानंतरची गोष्ट

त्र्यंबकेश्वरात ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१०-११ च्या सुमारास मुंबईत गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्तचरित्रावरील एक मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताचे जीवन सरकत होते आणि फाळके यांच्या मनश्चक्षूंपुढे राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनीच पुढे १९१७ मध्ये ‘नवयुग’ मासिकात लिहून ठेवले आहे. भारतीय चित्रपटसृष्टीचे बीज असे बायबलच्या एका कथेतून रुजले. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी लोकांसमोर आला, फाळके यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला आणि एक जुनाच प्रश्न नव्या रूपात पुढे आला. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या कानांनी ऐकलेली धर्मकथा डोळ्यांना दाखवायची, तर तीत काय राखावे आणि काय सोडावे?

हा प्रश्न ज्या चित्रपटाच्या निमित्ताने पुन्हा पुन्हा चर्चिला गेला, त्यांत ‘द प्रिन्स ऑफ इजिप्त’ या अमेरिकन अ‍ॅनिमेशनपटाचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. ड्रीमवर्क्स कंपनीने डिसेंबर १९९८ मध्ये प्रदर्शित केलेला हा चित्रपट बायबलमधील ‘निर्गम’ या पुस्तकावर आधारलेला आहे. मिसर देशात गुलामगिरीत खितपत पडलेल्या इस्राएल लोकांना मोशे कसा बाहेर काढतो, फारो राजाशी त्याचा संघर्ष कसा होतो आणि तांबडा समुद्र दुभंगून वाट कशी मिळते, ही ती कथा. पाव शतक उलटून गेले, तरी या चित्रपटाचा दर्जा कमी झालेला नाही. तथापि त्याचे गुण आणि त्याचे दोष एकाच निर्णयातून जन्मले आहेत, हे आज अधिक स्पष्टपणे दिसते.

कार्टूनच्या चौकटीबाहेर

डिस्नेतून १९९४ मध्ये बाहेर पडलेल्या जेफ्री कॅट्झेनबर्ग यांनी स्टीव्हन स्पीलबर्ग आणि डेव्हिड गेफन यांच्यासह ड्रीमवर्क्सची स्थापना केली. अ‍ॅनिमेशन म्हणजे बोलके प्राणी आणि बालिश विनोद, हे समीकरण त्यांना मोडायचे होते. ब्रेंडा चॅपमन, स्टीव्ह हिकनर आणि सायमन वेल्स या तिघांनी दिग्दर्शन केले. गाणी स्टीफन श्वार्ट्झ यांची, पार्श्वसंगीत हान्स झिमर यांचे. मोशेला व्हॅल किल्मर यांनी, तर फारो रामसेसला राल्फ फाइन्स यांनी आवाज दिला. मोशेच्या आईच्या तोंडचे गीत इस्राएलच्या येमेनी-ज्यू परंपरेतील गायिका ओफ्रा हाझा यांनी अनेक भाषांत गायले. चित्रपटाने जगभरात सुमारे २१ कोटी ८० लाख डॉलरचा गल्ला जमवला आणि त्यातील ‘व्हेन यू बिलीव्ह’ या गीताला सर्वोत्कृष्ट गीताचे ऑस्कर मिळाले. रॉजर एबर्ट यांच्यासारख्या नामवंत समीक्षकाने चारपैकी साडेतीन तारे बहाल केले.

ही वाहवा अनाठायी नव्हती. या चित्रपटात काही प्रसंग असे आहेत की ते अ‍ॅनिमेशनखेरीज दुसऱ्या कोणत्याही माध्यमात तितके साधले नसते. आपण राजपुत्र नसून गुलामाचा मुलगा आहोत, हे कळल्यानंतर मोशेला पडणारे स्वप्न पाहावे. महालाच्या भिंतीवरील सपाट, एका बाजूने रेखलेल्या मिसरी चित्राकृती हलू लागतात. सैनिक घराघरांतून तान्ही बाळे हिसकावतात आणि नदीत फेकतात. कत्तलीचा तो इतिहास राजवाड्याने शोभेसाठी भिंतीवर कोरलेला असतो आणि त्याच सजावटीत मोशे लहानाचा मोठा झालेला असतो. सत्ता आपले गुन्हे कसे सजवून ठेवते, हे सांगायला एकही संवाद लागत नाही.

पहिल्या अपत्यांच्या मृत्यूचा प्रसंगही तसाच. एरवी संगीताने भारलेला हा चित्रपट येथे जवळजवळ मुका होतो. एक फिकट प्रकाश दारांतून आत शिरतो, एक श्वास थांबतो, एवढेच. तांबड्या समुद्राच्या दोन भिंतींमधून लोक चालत असताना वीज चमकते आणि पाण्याच्या भिंतीत एका प्रचंड जलचराची सावली दिसते. हाताने काढलेली चित्रे आणि संगणकाची करामत यांचा मेळ या दृश्यात असा बसला आहे की आजचे प्रेक्षकही थक्क होतात.

दोन भावांची कथा

चित्रपटकर्त्यांनी मूळ कथेत केलेला सर्वांत मोठा बदल म्हणजे मोशे आणि रामसेस यांचे बंधुप्रेम. बायबलमध्ये फारोचे नाव दिलेले नाही. मोशे आणि तो फारो एकत्र वाढल्याचाही उल्लेख तेथे नाही. फारोपुढे उभा राहतो तेव्हा मोशे ८० वर्षांचा आणि त्याचा भाऊ अहरोन ८३ वर्षांचा असतो, असे ‘निर्गम’ सांगते. चित्रपटात मात्र रथांच्या शर्यती करणारे, एकमेकांच्या खोड्या अंगावर घेणारे दोन तरुण भाऊ आहेत. पुढे एक गुलामांच्या बाजूने उभा राहतो, दुसरा सिंहासनावर बसतो आणि प्रेम असूनही दोघे एकमेकांचे घर उद्ध्वस्त करतात.

या बदलाने चित्रपटाला हृदय मिळाले, यात शंका नाही. रामसेस येथे कठपुतळीसारखा खलनायक नाही. आपल्या हातून घराण्याची साखळी तुटेल, ही बापाने मनात भरवलेली भीती त्याला ताठर बनवते. त्याचा लहान मुलगा मरतो आणि तो मोशेला जाण्याची परवानगी देतो, तेव्हा बाहेर आल्यावर मोशे भिंतीला टेकून रडतो. मुक्तिदात्याला शत्रूच्या दुःखाने रडू येते, हा भाव परंपरेला परका नाही. वल्हांडण सणाच्या भोजनात पीडांची नावे घेताना प्याल्यातला एकेक थेंब बाजूला काढण्याची रीत यहुदी समाजात आहे. मिसरी लोकांच्या यातनांमुळे आपला आनंद तेवढा उणा झाला, असा तिचा अर्थ सांगितला जातो.

मराठी प्रेक्षकाला या मांडणीत ओळखीचे बरेच काही सापडते. पेटीत घालून नदीत सोडलेले मूल, परक्या घरी झालेले संगोपन, जन्माचे रहस्य उलगडल्यावर पडलेला पेच आणि समोर शस्त्र घेऊन उभा ठाकलेला भाऊ, हे कर्णाच्या कथेचे घटक आहेत. फरक एवढाच की कर्ण वाढवणाऱ्यांशी निष्ठ राहतो, तर मोशे जन्म देणाऱ्यांकडे परततो. कदाचित म्हणूनच बायबल न वाचलेल्या प्रेक्षकालाही हा चित्रपट परका वाटत नाही.

गाळलेल्या गाठी

आक्षेप घ्यायचा तो बदलावर नाही. धर्मकथा सांगणारा प्रत्येक जण तीत भर घालतो. आक्षेप आहे तो गाळण्यावर. दोन भावांची कथा उभी करण्यासाठी मूळ कथेतल्या ज्या अवघड गाठी सोडून दिल्या, त्या किरकोळ नाहीत.

पहिली गाठ स्त्रियांची. ‘निर्गम’ची सुरुवात मोशेपासून होत नाही. शिप्रा आणि पुवा या दोन सुइणी नवजात मुलगे मारण्याची राजाज्ञा धुडकावतात, तेथून प्रतिकार सुरू होतो. मग आई बाळाला लव्हाळ्याच्या पेटीत ठेवते आणि बहीण दूर उभी राहून पाहते. फारोची मुलगी हे मूल इब्र्यांचे आहे हे ओळखूनही त्याला उचलते. बहिणीच्या चातुर्याने सख्ख्या आईलाच दाई म्हणून वेतनावर नेमले जाते. राजाच्या हुकमाला राजाच्याच घरातून दिलेला हा छेद आहे. चित्रपटात सुइणी नाहीत. फारोची मुलगी जाऊन तिच्या जागी राणी आली, जी बाळाला देवांची देणगी मानते. आई पेटी सोडून कायमची दूर होते. जन्मरहस्याचा धक्का नंतर बसावा म्हणून एका धाडसी कटाचा योगायोग करण्यात आला. मिर्यामला चित्रपटात ठळक स्थान आहे, हे मान्य करूनही हे नुकसान भरून येत नाही.

दुसरी गाठ मोशेच्या अपराधाची. एका मिसरी माणसाला इब्र्याला मारताना पाहून मोशे इकडेतिकडे बघतो, कोणी नाही याची खात्री करतो, त्याला ठार मारतो आणि वाळूत पुरतो, असे मूळ ग्रंथ कोणताही आडपडदा न ठेवता सांगतो. चित्रपटातला मोशे मुकादमाला ढकलतो आणि तो उंचावरून पडून मरतो. हत्येचा अपघात झाला. नायक निष्कलंक राहिला, पण उतावळ्या संतापातून नेतृत्वाकडे झालेला त्याचा प्रवास आखूड झाला.

तिसरी गाठ सर्वांत अवघड, कारण ती देवाविषयी आहे. फारोचे मन कठीण झाले, असे बायबल वारंवार म्हणते. पहिल्या पाच पीडांपर्यंत हा हट्ट फारोचा स्वतःचा दिसतो. सहाव्या पीडेपासून मात्र परमेश्वरानेच त्याचे मन कठीण केले, अशी भाषा येते. मग शिक्षा कोणत्या दोषाची? माणसाला निवड उरली होती का? या प्रश्नावर यहुदी आणि ख्रिस्ती भाष्यकारांनी शतकानुशतके वाद घातला आहे. चित्रपटाने हा वाद एका गीतात मिटवून टाकला. तेथे रामसेस आपले मन कठीण करण्याचा निश्चय स्वतःच करतो आणि प्रश्न संपतो. मिसरी जादूगारांचेही तसेच झाले. मूळ कथेत तेच जादूगार पुढे हार मानून हे देवाचे बोट आहे अशी कबुली देतात. चित्रपटात ते विनोदी जोडगोळी म्हणून येतात आणि निघून जातात.

हा गुळगुळीतपणा अकारण आलेला नाही. निर्मात्यांनी यहुदी, ख्रिस्ती आणि मुस्लिम धर्मपंडितांचा मोठ्या प्रमाणावर सल्ला घेतला होता. कथेत स्वातंत्र्य घेतले असले तरी तिच्या गाभ्याशी इमान राखले आहे, असे निवेदन चित्रपटाच्या सुरुवातीलाच झळकते. तरीही मलेशिया, मालदीव आणि इजिप्त या देशांत चित्रपटाला परवानगी मिळाली नाही; इस्लाममध्ये मोशे हे पैगंबर मुसा असून पैगंबरांचे चित्रण निषिद्ध मानले जाते. म्हणजे सर्वांना रुचेल असे करूनही सर्वांना रुचले नाहीच. शंभर जणांच्या संमतीने उजळलेल्या कथेत कोणाला टोचेल असा कोपरा उरत नाही. धर्मकथा मात्र त्या टोचणाऱ्या कोपऱ्यांमुळेच जिवंत राहते.

मराठीतली जुनी उदाहरणे

रूपांतर म्हणजे सपाटीकरण असलेच पाहिजे, असे नाही. याची उदाहरणे मराठीतच आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यातून प्रसिद्ध केलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त बायबलची कथा ओवीत आली. ओवी घेतली, पुराणाचा थाट घेतला, पण जुन्या करारासाठी एक अख्खा खंड दिला. नारायण वामन टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ १९१९ मध्ये त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले आणि लक्ष्मीबाई टिळकांनी ते पूर्णत्वास नेले. नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या आणि १९३६ मध्ये नाशिकमध्येच देह ठेवलेल्या या लेखिकेने बायबलच्या कथेला मराठी घराचे बोलणे दिले. कोकणातून पुण्या-मुंबईत आलेल्या बेने इस्राएल समाजाने तर मोशेची कथा दरवर्षी वल्हांडणाला मराठीतून सांगितली. त्यासाठीचे हग्गादा हे पुस्तक मराठी भाषांतरासह पुण्यात १८७४ मध्ये छापले गेले आणि त्याच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया साडी नेसलेल्या दाखवल्या होत्या. वेश बदलला, भाषा बदलली. कथेतले प्रश्न शाबूत राहिले.

फाळके यांनीही हेच केले. आगकाड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट १९१५ मध्ये करणारा हा माणूस भारतीय अ‍ॅनिमेशनचाही आद्य पुरुष ठरतो. त्यांच्या ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या, आणि तरीही पडद्यावर राम दिसताच लोक पायांतली पादत्राणे काढत, असे सांगितले जाते. रामायणाचे अ‍ॅनिमेशन मात्र पुढे एका जपानी माणसाने मनावर घेतले. युगो साको यांनी भारतीय अ‍ॅनिमेटर राम मोहन यांच्या सहकार्याने केलेला ‘रामायण : द लिजेंड ऑफ प्रिन्स राम’ १९९२ मध्ये पूर्ण झाला. परकी माणसे आपल्या देवांचे कार्टून करणार, म्हणून आरंभी भारतात विरोध झाला. तोच चित्रपट २०२५ च्या जानेवारीत भारतातील चित्रपटगृहांत पुन्हा लागला, तो कौतुकातच. धर्मकथेला धोका परक्या हातांचा वा चित्रांचा नसतो. कथेवर विश्वास न ठेवण्याचा असतो.

शरणपूर आणि चाळीस वर्षे

‘द प्रिन्स ऑफ इजिप्त’ कोठे संपतो, हे यासाठीच महत्त्वाचे. समुद्र ओलांडला जातो. पलीकडच्या खडकावर एकटा रामसेस मोशेच्या नावाने आक्रोश करतो. मग मोशे दगडी पाट्या घेऊन डोंगरावरून उतरताना दिसतो, खाली लोक दिसतात आणि पडदा पडतो. बायबल जाणणाऱ्या प्रेक्षकाला ठाऊक असते की त्याच क्षणी खाली सोन्याच्या वासराभोवती नाच सुरू आहे. ते वासरू घडवणारा खुद्द अहरोन आहे. मोशे पाट्या फोडणार आहे आणि सुमारे ३ हजार माणसे आपल्याच भाऊबंदांच्या तलवारीने मरणार आहेत. पुढे ४० वर्षांचे रान आहे. त्या रानात लोक कुरकुरतात आणि मिसरमधल्या मासळीची, काकड्यांची, कांद्या-लसणाची आठवण काढतात. कांद्यावर जगणाऱ्या जिल्ह्याला ही तक्रार पटकन समजावी. गुलामीतले पोटभर जेवण स्वातंत्र्यातल्या उपासापेक्षा गोड वाटते, हे मानवी सत्य बायबल लपवत नाही. मोशे स्वतः तर वचनदत्त देशात पाऊलही टाकत नाही.

नाशिकमध्ये हे सत्य केवळ पोथीतले नव्हते. आज वाहनांच्या वर्दळीने गजबजलेल्या शरणपूर रस्त्याला ज्या वस्तीवरून नाव पडले, ती चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये वसवली. हिंदी महासागरात गुलामांची वाहतूक करणारी गलबते ब्रिटिश आरमार पकडत असे. त्यांतून सोडवलेली आफ्रिकन मुले-मुली मुंबईला उतरवली जात आणि त्यांपैकी अनेकांना शरणपूरला आणून लिहिणे-वाचणे आणि हातचे व्यवसाय शिकवले जात. मोशेची कथा त्यांना ऐकवली गेली असणारच. ती ऐकणारे कान स्वतः बेड्यांतून सुटलेले होते.

त्यांचीही कथा सुटकेपाशी संपली नाही. शरणपूरचे ९ तरुण १८६६ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्याबरोबर आफ्रिकेत उतरले. येथेच शिकलेला जेकब वेनराइट पुढे त्यांच्या ताफ्यात सामील झाला. लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये वारले, तेव्हा त्यांचे पार्थिव हजार मैलांच्या आसपास वाहून समुद्रकिनारी आणणाऱ्यांत तो होता आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेतील दफनविधीत शवपेटीला हात लावणाऱ्यांतही होता. त्यानंतरच्या काळात नाशिकमधून अनेक जण मोंबासाजवळ सोडवलेल्या गुलामांसाठी वसवलेल्या फ्रेरटाउनला गेले. तेथे पगार, अधिकार आणि मान यांवरून गोऱ्या मिशनऱ्यांशी त्यांचे खटके उडाले. मुक्त तर झालो. आता बरोबरीचे स्थान कोण देणार? समुद्र ओलांडल्यानंतर इस्राएल लोकांसमोर जो प्रश्न उभा राहिला, त्याच्याच जातीचा हा प्रश्न.

या दृष्टीने पाहता ‘द प्रिन्स ऑफ इजिप्त’ हा एका थोर कथेचा अर्धा भाग अत्यंत सुंदरपणे सांगणारा चित्रपट आहे. दीड-पावणेदोन तासांत ४० वर्षे मावत नाहीत, हे कबूल. पण अखेरच्या दृश्यात डोंगराखालच्या गर्दीत एक सोनेरी ठिपका चमकला असता, तरी लहान मुलांनी घरी जाऊन ते काय होते असे विचारले असते. मोठ्यांना मग उत्तर शोधावे लागले असते.

हा चित्रपट मुलांना अवश्य दाखवावा. तो संपला की दिवे लावून पुढची गोष्टही सांगावी: सुइणींची, वासराची, कांद्याच्या आठवणीची, आणि जमल्यास आपल्याच गावातल्या शरणपूरच्या मुलांची. बेड्या तुटण्याचा क्षण डोळे दिपवतो. त्यानंतर कसे जगायचे, हे शिकायला एका पिढीचे आयुष्य लागते.